पाणबुडी किनाऱ्यावर, ‘विक्रांत’ भट्टीत

१९७१च्या युद्धातल्या दोन नौका. ‘विक्रांत’ २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून तरंगत राहिली आणि २०१४ मध्ये दारूखान्याच्या जहाजतोडणी आवारात तोडायला घेतली गेली. ‘कुरसुरा’ पाणबुडी मात्र विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर २००२पासून उभी आहे. फरक मला दिसतो तो पाण्याचा. खाऱ्या पाण्यातला पत्रा सतत गंजतो, त्याची डागडुजी कधी संपत नाही. ९१ मीटरची ‘कुरसुरा’ थेट जमिनीवर, काँक्रीटच्या पायावर ओढून घेतली. विमानवाहू ‘विक्रांत’ तिच्या दुपटीहून लांब, हे खरं. पण म्हणूनच पाणबुडी जपणं आवाक्यातलं आहे.

फोटो किंवा मॉडेल पुरेसं नाही का, असं विचारलं जातं. नाही. गोल झडपेतून वाकून आत शिरल्यावर, दहा टॉर्पेडो नळ्या आणि बॅटऱ्यांच्या अडचणीत सुमारे ७५ माणसं कशी राहत असतील, हे अंगाला कळतं. खर्चाचा आक्षेपही रास्त आहे, पण न जपता हाती काय येतं? ‘विक्रांत’ भंगारात सुमारे ६० कोटींना गेली. ते पोलाद पुढे मोटारसायकलीतही वापरलं गेलं. एकदा वितळलेल्या लोखंडाला जुना आकार आठवत नाही, हे फाउंड्रीवाल्यांना कुणी सांगायला नको.