ब्राटवुर्स्ट : घरगुती पाकपद्धती व त्यांमागील शास्त्र

प्रास्ताविक

जर्मन आहारसंस्कृतीत सॉसेजचे स्थान जितके मोठे, तितकेच त्याचे प्रकारही विपुल आहेत. त्यांपैकी ब्राटवुर्स्ट हा प्रकार बहुधा डुकराच्या, क्वचित वासराच्या किंवा गोमांसाच्या खिम्यापासून तयार होतो. खिम्यात चरबी, मीठ व मसाले मिसळून ते मिश्रण मेंढीच्या वा डुकराच्या आतड्याच्या वेष्टनात भरले जाते. जर्मनीत हे काम मुख्यतः खाटकाचे समजले जाते. घरी होते ते शिजवण्याचे काम. हे काम वरवर पाहता सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र बाहेरून काळवंडलेले व आतून कच्चे, किंवा फाटून कोरडे पडलेले सॉसेज हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. प्रस्तुत लेखात घरगुती पाकपद्धतींचा आणि त्या प्रत्येकीत मांस, चरबी व वेष्टन यांच्यावर होणाऱ्या परिणामांचा विचार केला आहे.

नाव आणि परंपरा

‘ब्राटवुर्स्ट’ या शब्दातील पूर्वपदाचा संबंध भाजणे वा तळणे या अर्थाच्या ‘ब्राटेन’ या जर्मन क्रियापदाशी जोडला जातो आणि त्यावरून हे सॉसेज भाजलेच पाहिजे असा समज रूढ झाला आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे खरे नाही. प्राचीन उच्च जर्मन भाषेत ‘ब्रात’ म्हणजे बारीक चिरलेले, टाकाऊ भाग काढलेले मांस. आजही जर्मन खाटीक सॉसेजमध्ये भरावयाच्या खिम्याला ‘ब्रेट’ म्हणतात. म्हणजे हे नाव आतल्या सारणावरून पडले आहे, पाककृतीवरून नव्हे. ही बाब केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलाची नाही. फ्रँकोनिया प्रदेशात हेच सॉसेज व्हिनेगरच्या रश्शात शिजवण्याची परंपरा आहे. त्या पद्धतीला दुय्यम मानण्यास नावाचा आधार घेता येत नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

ब्राटवुर्स्टचा थुरिंगियातील एक जुना लेखी उल्लेख इ.स. १४०४ मधील आहे. आर्नश्टाट येथील जोगिणींच्या मठाच्या हिशेबात ब्राटवुर्स्टसाठी आतडी विकत घेतल्याची एका ग्रोशेनची नोंद आढळते. वायमार येथील १४३२ सालच्या खाटकांच्या नियमावलीत सॉसेजसाठी शुद्ध व न नासलेलेच मांस वापरावे असा दंडक होता आणि तो मोडणाऱ्यास दंड ठरवून दिलेला होता. बव्हेरियातील न्यूरेंबर्ग शहराची परंपराही अशीच मध्ययुगीन आहे. तेथील ब्राटवुर्स्ट बोटाएवढे, ७ ते ९ सेंटिमीटर लांबीचे व २० ते २५ ग्रॅम वजनाचे असते. थुरिंगियाचे सॉसेज किमान १५ सेंटिमीटर लांब असते. दोहोंना २००३ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संकेताचे संरक्षण मिळाले. न्यूरेंबर्गच्या सॉसेजला त्याचा विशिष्ट गंध येतो तो मरव्यामुळे. महाराष्ट्रात जो मरवा गजऱ्यात गुंफला जातो, तीच ही वनस्पती. तेथे ती वाळवून खिम्यात घालतात.

कच्चे की वाफवलेले

पद्धत निवडण्यापूर्वी हातातील सॉसेज कोणत्या जातीचे आहे हे पाहणे आवश्यक ठरते. बाजारात ब्राटवुर्स्ट दोन रूपांत मिळते. एक पूर्णतः कच्चे, आणि दुसरे कारखान्यात किंवा खाटकाकडे साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात आधीच शिजवून घेतलेले. दुसऱ्या प्रकारात मांसातील प्रथिने गोठून घट्ट झालेली असतात, त्यामुळे घरी केवळ ते गरम करून त्याला खरपूस रंग आणायचा असतो. कच्चे सॉसेज दाबल्यास मऊ लागते आणि त्याची साठवणक्षमता अत्यल्प असते. ते शीतपेटीत ठेवूनही लवकर संपवावे लागते. गोव्याच्या चोरीसाशी तुलना केल्यास हा फरक चांगला कळतो. चोरीस शिर्का, मीठ, मिरची व वाळवण यांच्या बळावर टिकते, तर ताज्या ब्राटवुर्स्टला असे कोणतेच कवच नसते. त्यात बहुधा नायट्राइटयुक्त मीठही घातलेले नसते. त्यामुळेच शिजल्यावर त्याचे मांस गुलाबी न राहता करडे-पांढरे दिसते. करडा रंग हा दोष समजण्याचे कारण नाही. आणि आत गुलाबी भाग दिसल्यास ते सॉसेज अद्याप शिजलेले नाही असे समजून पुन्हा उष्णतेवर ठेवावे.

कच्च्या खिम्याबाबत ही काळजी का घ्यावी, याचे उत्तर जर्मनीच्याच इतिहासात आहे. १८६५ मध्ये प्रशियातील हेडर्सलेबेन या गावात डुकराचा कच्चा खिमा खाल्ल्याने ट्रिकिनेला या कृमीची साथ पसरली. तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे शंभर जण दगावले. रुडॉल्फ फिरखो या विकृतिशास्त्रज्ञाने डुकराच्या मांसाची सूक्ष्मदर्शकाखाली सक्तीने तपासणी व्हावी यासाठी केलेल्या प्रयत्नांना या घटनेची पार्श्वभूमी होती. पुढे अशी तपासणी सक्तीची झाली आणि हा धोका तेथे जवळजवळ नाहीसा झाला. तथापि साल्मोनेला व तत्सम जिवाणूंचा प्रश्न शिल्लक राहतोच. अखंड मांसाच्या तुकड्यावर जिवाणू मुख्यतः पृष्ठभागी असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून केवळ बाहेरचा भाग भाजून भागत नाही. मांस आतपर्यंत किमान दोन मिनिटे ७० अंश सेल्सिअसला पोहोचलेले असावे, अशी जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेची शिफारस आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा खिम्यासाठीचा आकडा ७१ अंश आहे. टोकदार तापमापक सॉसेजच्या टोकाकडून लांबीच्या दिशेने मध्यापर्यंत खुपसल्यास हे तापमान घरीही सहज मोजता येते. घड्याळापेक्षा हे साधन अधिक विश्वसनीय आहे.

वेष्टन का फाटते

सॉसेज फाटते ते जवळजवळ नेहमी लांबीच्या दिशेने, आडवे क्वचितच. यामागे साधे यंत्रशास्त्र आहे. पातळ भिंतीच्या दंडगोलात आतून दाब पडला असता परिघाच्या दिशेने निर्माण होणारा ताण हा लांबीच्या दिशेने निर्माण होणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो. त्यामुळे भिंत उभी चिरते. दाब वाढण्याची कारणे दोन. साधारण ६० अंशांच्या पुढे वेष्टनातील कोलॅजेन हे प्रथिन आकुंचन पावू लागते, म्हणजे बाहेरचे आवरण आखडते. त्याच वेळी प्रखर उष्णतेने वेष्टनालगतच्या पाण्याची वाफ होऊन आतील भाग फुगतो. आवरण आखडते आहे आणि आतील भाग फुगतो आहे, अशा स्थितीत सॉसेज तडकणे अटळ ठरते.

यावर टोचे मारण्याचा उपाय सुचवला जातो. भरताचे वांगे भाजण्यापूर्वी त्याला टोचे मारण्याची जी सवय मराठी स्वयंपाकघरात असते, ती मात्र येथे हिताची ठरत नाही. वांग्यातून केवळ वाफ बाहेर पडते. सॉसेजमधून वितळलेली चरबी व मांसाचा रसही जातो. मीठ घातलेल्या खिम्यात मायोसिन हे प्रथिन विरघळून पाणी व चरबी यांना जाळ्यात धरून ठेवते आणि सॉसेजचा सारा रसाळपणा या जाळ्यावर अवलंबून असतो. टोच्यांमुळे हा रस वाट मिळेल तिकडे निघून जातो आणि निखाऱ्यांवर पडून ज्वाळा भडकवतो, ते वेगळेच. खरा उपाय उष्णता मंद ठेवणे हाच आहे. सॉसेज शीतपेटीतून काढल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी शिजवावयास घेतल्यास मध्यभाग तापण्यास लागणारा वेळही काहीसा कमी होतो.

निखाऱ्यावरील भाजणी

थुरिंगियात ब्राटवुर्स्ट म्हणजे लोणारी कोळशाच्या निखाऱ्यावर जाळीवर भाजलेले सॉसेज हेच समीकरण आहे. न्यूरेंबर्गमध्ये बीच वृक्षाच्या लाकडाचा जाळ वापरतात, तर कोबुर्गच्या बाजारचौकात पाइनच्या शंकूंवर सॉसेज भाजण्याची प्रथा आहे. घरी भाजताना कोळसा पूर्ण पेटून त्यावर करडी राख येईपर्यंत थांबणे ही पहिली अट होय. जाळीला चरबीचा तुकडा घासून घेतल्यास वेष्टन चिकटत नाही. सॉसेज वारंवार, चिमट्याने, न टोचता फिरवावे. जाड सॉसेजला मध्यम आचेवर सुमारे दहा ते पंधरा मिनिटे लागतात.

न्यूरेंबर्गचे बारीक सॉसेज मात्र तेज आचेवर काही मिनिटांतच तयार होते. हा फरक केवळ सवयीचा नाही. उष्णता मध्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा काळ स्थूलमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाल्यास वेळ चौपट लागतो. बारीक सॉसेजचा मध्यभाग बाहेरचा रंग येईपर्यंत शिजून जातो. जाड सॉसेज त्याच आचेवर ठेवल्यास बाहेर कोळसा होतो आणि आत कच्चे राहते. प्रास्ताविकात उल्लेखिलेल्या फजितीचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

जाळीवर टपकणारी चरबी पेटल्यास अनेक थुरिंगियन हात बिअरची बाटली उचलतात आणि निखाऱ्यावर शिंतोडे मारतात. यातून स्वाद येतो असा दावा केला जातो. ज्वाळा दबते हे मात्र निश्चित. चरबी निखाऱ्यावर जळून निघणाऱ्या धुरात बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन ही कर्ककारक संयुगे असतात आणि ती सॉसेजवर बसतात. म्हणून सॉसेज निखाऱ्याच्या थेट वर न ठेवता बाजूला ठेवून भाजणे श्रेयस्कर. नायट्राइटयुक्त, गुलाबी राहणारी सॉसेजे निखाऱ्यावर भाजू नयेत असा सल्ला जर्मनीत दिला जातो, कारण प्रखर उष्णतेत नायट्रोसॅमिन तयार होण्याचा संभव असतो.

तवा, भट्टी आणि पाणी

शहरी सदनिकेत निखारे फुलवणे शक्य नसते. तेथे बिडाचा जाड तवा सर्वांत सोयीचा. तवा आधी कडकडीत तापवून त्यावर सॉसेज टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. थोडे तूप अथवा तेल लावलेल्या कोमट तव्यावर सॉसेज ठेवून आच हळूहळू मध्यमावर आणावी आणि बारा ते पंधरा मिनिटे फिरवत राहावे. जर्मन घरांत यासाठी साजूक तुपासारखे कढवलेले लोणी वापरले जाते. साध्या लोण्यातील दुग्धघटक लवकर करपतात, ही अडचण कढवलेल्या लोण्यात राहत नाही. कच्च्या, जाड सॉसेजसाठी याहून खात्रीची रीत म्हणजे तव्यात तळ भिजेल एवढे पाणी घालून झाकण ठेवणे. वाफेवर सॉसेज आतून शिजते, मग झाकण काढल्यावर पाणी आटते आणि उरलेल्या चरबीत ते खरपूस होते. खरपूसपणा देणारी माइयार अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही. म्हणूनच पाणी पुरते आटल्याशिवाय रंग येत नाही.

भट्टीत १८० ते २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटांत काम होते आणि एकाच वेळी पुष्कळ सॉसेजे भाजता येतात. पण वेष्टनाला कुरकुरीतपणा कमी येतो. अलीकडच्या काळातील गरम हवेच्या छोट्या भट्ट्या हेच काम थोड्या कमी वेळात करतात, त्यांच्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

पाण्यात आधी शिजवून मग जाळीवर वा तव्यावर रंग आणणे ही तिसरी वाट. तिच्यात पाणी उकळू न देणे हे महत्त्वाचे. पाण्यातून वाफा निघाव्यात, पण ते खदखदू नये. म्हणजे तापमान ७५ ते ८० अंशांच्या दरम्यान राहते आणि सुमारे पंधरा मिनिटांत कच्चे सॉसेज शिजते. पाण्यात थोडे मीठ असावे, अन्यथा सॉसेजमधील मीठ व स्वाद पाण्यात उतरतात. जर्मन स्थलांतरितांची मोठी वस्ती असलेल्या अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पाण्याऐवजी कांदा घातलेली बिअर वापरली जाते. पाहुणे अनेक असतील आणि शेगडी एकच, तेव्हा ही पद्धत फार उपयोगी पडते, कारण सुरक्षिततेचा भाग आधीच उरकलेला असतो आणि जाळीवर केवळ रंगाचे पाहावे लागते.

आंबट रश्शातील सॉसेज

फ्रँकोनियातील ‘ब्लाऊए त्सिप्फेल’, म्हणजे शब्दशः ‘निळी टोके’, या पदार्थाला वरील पद्धतींत वेगळे स्थान आहे. येथे भाजणे मुळीच नाही. भरपूर कांद्याच्या चकत्या, व्हिनेगर, पांढरी वाइन, पाणी, तमालपत्राच्या जातीचे बे-पान, लवंग, मिरे व जुनिपरची फळे यांचा रस्सा उकळून घेतात. कांदा मऊ झाला की आच कमी करून त्यात कच्ची ब्राटवुर्स्ट सोडतात आणि उकळी न आणता सुमारे वीस मिनिटे ठेवतात. आम्लामुळे वेष्टनावर किंचित निळसर छटा येते, तीच नावाचे कारण. आधी शिजवलेले सॉसेज येथे चालत नाही. त्याची प्रथिने अगोदरच घट्ट झालेली असल्याने रस्सा आत मुरत नाही, आणि कच्च्या सॉसेजमधून रश्शात उतरणारा स्वादही मिळत नाही. माइयार अभिक्रियेचा खमंगपणा या पदार्थात नसतो. त्याची भरपाई कांदा व आंबटपणा करतात, आणि चरबीयुक्त मांसाला हा आंबटपणा चांगला साजतो, हे चोरीस खाणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. सॉसेज खोलगट ताटलीत कांद्यासह रश्शात बुडवूनच वाढतात, सोबत राईचा पाव देतात, आणि उरलेला रस्सा त्या पावाने टिपून घेतात.