डिस्क ब्रेक चिरकतो? तेल टाकू नका, आवाज ऐका

तायांनो, मागच्या प्रभाग बैठकीला एक ताई आल्या. गाडी फाटकात यायच्या आधी आवाजच आत आला, चीऽऽ! म्हणाल्या, "परवापासून चिरकून राहिली बाप्पा. घरच्यांनी डिस्कवर थोडं तेल सोडलं, तं दोन दिवस गप होती." ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

शिलाई मशीनला तेल दिलं की आवाज जातो, हे खरं. पण ब्रेकचं काम घासण्याचंच आहे. चाकासंगं फिरणारी लोखंडी ताटली म्हणजे डिस्क. तिला दोन्हीकडून दोन पॅड चिमट्यासारखे दाबतात, तेव्हा गाडी थांबते. मधात तेल गेलं की पॅड घसरतात. समोर बैल आला अन् ब्रेक लागलाच नाही, तर? त्या ताईंचे पॅड तेल प्यायले होते. ते पुसून भागत नाही, दोन्ही बदलावे लागले.

आधी पाहा, आवाज कोणत्या ब्रेकचा. बहुतेक गाड्यांना डिस्क पुढे असते, मागे ड्रम. मोकळ्या जागेत हळू चालवून एकदा पुढचा, एकदा मागचा ब्रेक दाबा.

सकाळी पहिल्यांदा ब्रेक मारल्यावर खसखस होते अन् दोन-चार ब्रेकांत थांबते, तर भ्यायचं काम नाही. रात्रीच्या ओलीनं डिस्कवर बारीक गंज येतो, तो घासून जातो.

पावसाळ्यात आपली काळी माती लय त्रास देते. दर्यापूर-अकोटकडे पांधणीतून गाडी काढली की चिखल कॅलिपरमध्ये, म्हणजे त्या चिमट्यात, शिरून वाळतो. मग चिरकणं सुरू. गाडी थंड असताना साध्या पाण्यानं अन् ब्रशनं धुवा. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकू शकते. वाकलेली डिस्क चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा घासते अन् लिव्हर बोटाला धक्के देते.

धुऊनही चिरकते, तर मोबाईलचा टॉर्च लावून पॅड पाहा. लोखंडी पट्टीवर चिकटवलेला घासणारा थर 2 मिलिमीटरपेक्षा कमी दिसला की बदलायची वेळ झाली. थर जाड आहे पण वरून काचेसारखा चमकतो, तर तो तापून गुळगुळीत झाला. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला की असं होते. मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये उतरवा. स्कूटी असेल तर मधात थांबून ब्रेक थंड होऊ द्या.

खर्र-खर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर गाडी तिथंच ठेवा. पॅड संपले अन् आता पट्टी डिस्कला खाऊन राहिली. पॅड काहीशे रुपयांत येतात, डिस्क त्याच्या कितीतरी पट महाग. डिस्कवर नखाला लागतील अशा खोल रेघा पडल्या असतील तर तीही मोजून घ्यावी लागते. किती पातळ झालेली चालते, तो आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो.

ब्रेक न दाबताच घासते, गाडी जड चालते, थोड्या अंतरातही डिस्क तापते? तर पिस्टन अडकला. हे काम मिस्त्रीचं. पाहायला डिस्कला हात लावू नका, चटका बसतो. दोन थेंब पाणी टाका, चर्र झालं की समजलं.

गॅरेजात "तुम्हाले काय समजते" असं ऐकावं लागते, मलाही लागलं. जुने पॅड हातात मागा, बदलले का ते दिसते. अन् नवे पॅड बसवल्यावर निघायच्या आधी उभ्या गाडीवर लिव्हर पाच-सहा वेळा दाबा. पहिल्या दाबाला ती पोकळ लागते. घट्ट झाल्यावरच गाडी रस्त्यावर काढा. पहिले काही दिवस ब्रेक जरा आधीपासून, हळू दाबत चला, नवे पॅड डिस्कवर बसायला तेवढा वेळ घेतात.