शेवटासाठी भांडणारी पोरं

‘राजी : कलियुग’ हा व्हिडिओ गेम जाहीर झाला आणि पहिल्या ‘राजी’चा सल पुन्हा वर आला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा तो पहिला गेम 18 ऑगस्ट 2020 रोजी आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी. पाठीशी दुर्गा आणि विष्णू. पाच-सहा तास तिच्यासोबत झुंजावं आणि गोष्ट ऐन रंगात तुटावी! 2017 ची क्राउडफंडिंग मोहीम फसूनही या मंडळींनी गेम उभा केला, द गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाचं नामांकन मिळवलं. अभिमान वाटतोच. पण शेवटावरची नाराजी रास्त होती.

शेवटावरून भांडायची ही सवय जुनीच. त्यात मारिओ-काँट्राच्या कॅसेटींचा काळ मात्र ओलांडून पुढे जावं. राजकन्या सुटली की शेवट झाला, त्यावर भांडण कसलं?

खरी भांडणं 2002 नंतरच्या दहा वर्षांतली. निगडी, आकुर्डी, चिंचवडच्या सायबर कॅफेंमध्ये तासावर पैसे मोजून पोरं खेळायची. ‘प्रोजेक्ट आयजीआय’मध्ये मिशनच्या मध्ये सेव्ह नव्हतं, मेलात की पहिल्यापासून. ‘व्हाइस सिटी’त छापखाना आणि इतर मालमत्ता घेतल्याशिवाय शेवटची मिशनं उघडत नसत. त्यातच दुपारी दुसरं कुणी येऊन सेव्ह पुसून जायचं. त्यामुळे त्यातल्या साथीदाराची, लान्सची गद्दारी स्वतःच्या हाताने खेळलेला पोरगा कट्ट्यावर भाव खायचा. बाकीच्यांना शेवट ऐकूनच माहीत.

मग 2008 मध्ये ‘जीटीए 4’ आला आणि शेवटच दोन झाले. सौदा केला तर रोमन मरतो, सूड घेतला तर केट. भाऊ की मैत्रीण, यावर चहाच्या टपरीवर तावातावाने वाद व्हायचे. दोन्ही शेवट दुखवणारे, तरी फसवणूक कुणाला वाटली नाही. निवड ज्याची त्याने केलेली असायची.

2012 मध्ये ‘मास इफेक्ट 3’ने नेमकं तेच हिरावलं. तीन गेमभर घेतलेले निर्णय शेवटी लाल, निळ्या, हिरव्या उजेडात विरघळले. जगभर ओरड झाली आणि जूनमध्ये बायोवेअरला वाढीव शेवट फुकट द्यावा लागला. त्या ओरडीला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी हे तीन गेम खेळायला किती रात्री जातात, ते कधी मोजलं नव्हतं.

‘राजी’नंतर पंधराच दिवसांनी, 2 सप्टेंबर 2020 रोजी, केंद्र सरकारने पबजीसह 118 ॲपवर बंदी घातली. ज्या गेमला शेवटच नव्हता, तो सरकारी आदेशाने संपला. पुढच्या वर्षी तोच बीजीएमआय होऊन परतला. त्यात सीझन संपतो, रँक खाली येते, पुन्हा चढायचं. लान्स नाही, रोमन नाही. कुणाच्या मरण्यावरून दोन मित्रांनी आठवडाभर अबोला धरावा, असं त्यात काहीच घडत नाही.

चाकणहून शिफ्ट सुटलेल्या कंपनीच्या बसमध्ये आज निम्म्या माना मोबाइलवर झुकलेल्या असतात. मोशीला एक मॅच संपते, भोसरीला दुसरी सुरू होते. नाशिक फाट्याला उतरताना कुणी कुणाला विचारत नाही, पुढे काय झालं?