करारवाढ, बास्केटबॉलमधील
व्यावसायिक खेळाडूचा चालू करार संपण्यापूर्वीच त्याच्या संघाने त्यास पुढील काही वर्षांसाठी करारबद्ध करण्याची पद्धत. अमेरिकेतील ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ या संघटनेने १९८४-८५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा घातली. ती प्रारंभी ३६ लाख डॉलर होती. स्वतःचे खेळाडू राखण्यासाठी मात्र संघास ती ओलांडता येते.

मिनेसोटा संघाने १९९७ मध्ये २१ वर्षांच्या केव्हिन गार्नेटशी सहा वर्षांसाठी १२·६ कोटी डॉलरचा करार केला. अशा करारांना आळा घालण्यासाठी संघमालकांनी १९९८ मध्ये टाळेबंदी केली व १९९९ च्या समझोत्याने वैयक्तिक वेतनही मर्यादित झाले.

निवडीच्या पहिल्या फेरीतील नवोदितास तिसऱ्या हंगामानंतर व चौथा सुरू होण्यापूर्वी करारवाढ मिळू शकते. तिच्यातील पहिल्या वर्षाचे वेतन सामान्यतः संघाच्या वेतनमर्यादेच्या २५ टक्क्यांपर्यंत, तर विशेष सन्मानप्राप्त खेळाडूंच्या बाबतीत ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. करारवाढ न झाल्यास खेळाडूस चौथ्या हंगामानंतर अन्य संघाचा देकार घेता येतो. परंतु मूळ संघाने विहित देकार दिलेला असल्यास त्यास बरोबरी करून खेळाडू राखण्याचा हक्क असतो. त्यामुळे वाटाघाटींत खेळाडूस दुखापतीचा, तर संघास खेळाडूची प्रगती खुंटण्याचा धोका विचारात घ्यावा लागतो. ओक्लाहोमा सिटी संघाने जेम्स हार्डनशी मतैक्य न झाल्याने २०१२ मध्ये त्यास ह्यूस्टन संघाकडे पाठविले. पुढे २०१८ मध्ये तो संघटनेचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.