दहाच्या आतले कामगार आणि दुकानातली खुर्ची

लग्नसराईच्या दिवसांत कोणत्याही शहरातल्या कापडबाजारात फेरफटका मारला, तर एक गोष्ट सहज ध्यानात यावी. गिऱ्हाइकासाठी गादी असते, मालकासाठी गल्ल्यामागे खुर्ची असते. मात्र सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत घड्या मोडणाऱ्या आणि पुन्हा घालणाऱ्या मुलीसाठी बसायची जागा बहुधा नसतेच. गिऱ्हाईक नसतानाही तिने उभेच राहावे, असा अनेक दुकानांचा अलिखित नियम असतो. बसलेली नोकरमाणसे म्हणजे मंदावलेला धंदा, अशी एक जुनी समजूत त्यामागे आहे.

या समजुतीविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो केरळात. कोझिकोडच्या मिठाई तेरूवू या बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानांतल्या स्त्रियांना संघटित केले. त्यांची पहिली मागणी खुर्चीची नव्हती, स्वच्छतागृहाची होती. दुकानात सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणे, ही त्या बायकांची रीत झाली होती आणि मूत्रमार्गाचे विकार हे तिचे फळ होते. त्यानंतर बसण्याच्या हक्काचा लढा उभा राहिला. २०१८ साली केरळने आपल्या दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच बदल केला. कारखान्यांतील कामगारांसाठी मात्र ही तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमातच होती. यंत्रापुढे उभा राहणारा कामगार दमतो हे कायद्याला तेव्हाच पटले होते. काउंटरमागे उभी राहणारी बाई दमते हे पटायला आणखी सत्तर वर्षे लागली.

सतत उभे राहण्याचे परिणाम वैद्यकशास्त्राला नवे नाहीत. पोटऱ्यांतील नीला फुगतात, पाय सुजतात, कंबर धरते. त्रास हळूहळू वाढत असल्याने त्याचा संबंध कामाशी जोडला जात नाही. चाळिशीत गुडघे गेले, की ते वयावर ढकलले जाते.

महाराष्ट्राचा या बाबतीतला वारसा खरे तर मोठा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून आठवड्याची सुटी मिळाली. दुकाने व आस्थापना यांच्यासाठीचा कायदाही मुंबई इलाख्यात १९३९ सालीच झाला. व्यापारी आजही ज्याला ‘गुमास्ता’ म्हणतात तो परवाना त्याच परंपरेतला. २०१७ च्या नव्या अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, वर्षाला आठ किरकोळ रजा आणि जादा कामाला दुप्पट दर असे नियम घालून दिले. मात्र ते दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होते. त्याखालच्या दुकानदाराने केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यास आणि दिवसाचे तास नवाचे दहा करण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले, हे स्वागतार्ह आहे. तरी सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेचा सर्वसाधारण उंबरठाही दहाचाच आहे. किराणा दुकान, छापखाना, औषधांचे दुकान, चार टेबलांची लेखापालाची कचेरी, गल्लीतले गॅरेज अशी बहुतेक ठिकाणे या उंबरठ्याच्या अलीकडे राहतात. तिथल्या माणसाचे बरेवाईट अखेर मालकाच्या समजुतीवर ठरते.

मालकाची बाजूही इथे पाहायला हवी. छोट्या धंद्याचा मालक पुष्कळदा नोकरांइतकाच राबतो. भाडे, उधारी आणि ऑनलाइन विक्रीची स्पर्धा यांनी तोही पिचलेला असतो. मोठ्या कंपन्यांप्रमाणे त्याने समुपदेशक नेमावा किंवा व्यायामशाळा काढावी, ही अपेक्षा हास्यास्पद ठरेल. परंतु ज्या गोष्टींनी नोकरमाणसाचा दिवस सुसह्य होतो, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना पैसा थोडा आणि ठरवणे जास्त लागते. काउंटरमागे एक उंच स्टूल, पिण्याचे पाणी, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह. आणि ते दुकानात शक्य नसेल तर शेजारच्या तीन-चार दुकानांनी मिळून केलेली सोय. पत्र्याच्या शेडमध्ये काम चालत असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत जड कामे सकाळी उरकून घेणे.

पुण्याच्या दुकानदारांच्या दुपारच्या झोपेची टिंगल आजवर भरपूर झाली. त्या सवयीत दोन घास निवांत खाऊन पाठ टेकण्याची सोय होती, हे टिंगल करणारे विसरतात. अर्थात ही सोय ज्याचे घर जवळ त्यालाच. लांबून बस बदलून येणारा नोकर त्या तीन तासांत अर्ध्या ओढलेल्या शटरखालीच बसून असतो आणि त्याचा दिवस बारा तासांचा होतो. त्याला त्या वेळेचा मोबदला मिळत नाही, म्हणून सलग पाळीच त्याला अधिक परवडते. कोणाला काय सोयीचे हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि पाच माणसांच्या दुकानात विचारणे अवघड नसते.

पगाराची तारीख हा याहून नाजूक विषय. पगार कमी असण्याइतकाच तो कधी मिळेल हे ठाऊक नसण्याचा ताण असतो. घरभाडे, शाळेची फी आणि हप्ता यांच्या तारखा पुढे सरकत नाहीत. मग उचल घ्यावी लागते, उचल मागताना मान खाली घालावी लागते आणि फेडीचा हिशेब केवळ शेठच्या वहीत राहतो. सात तारखेचा पगार आणि उचलीची दोघांच्या सहीची नोंद एवढ्यावर रोजची कुरबूर पुष्कळशी मिटते.

आजारपणाचा प्रश्न राज्य विमा योजनेने सुटू शकतो. २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का आहे. म्हणजे १५ हजारांच्या पगारावर मालकाला महिन्याला सुमारे ४८८ रुपये पडतात आणि कुटुंबासह उपचारांची सोय होते. दहापेक्षा कमी माणसे असली, तरी मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असल्यास सामाजिक सुरक्षा संहितेखाली स्वेच्छेने सहभागी होता येते. ही वाट अनेकांना माहीत नाही.

बोलण्याची रीत मात्र कोणत्याच कायद्यात बसत नाही. गिऱ्हाइकासमोर झालेला पाणउतारा माणूस पगार विसरला तरी विसरत नाही. मोठ्या कचेरीत वरिष्ठ बदलतो, विभाग बदलता येतो. दहा बाय वीसच्या दुकानात जायचे कुठे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या थकव्याची नोंद व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून केली. ताण असह्य झाल्यास १४४१६ या केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. तक्रार लैंगिक छळाची असेल आणि माणसे दहाच्या आत असतील, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे थेट जाता येते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली तरीही.

राहता राहिले गिऱ्हाईक. नोकर बसलेला दिसला की ‘इथे कोणी लक्ष देत नाही’ असे पुटपुटणारे आणि रात्री साडेनऊला शटर निम्मे खाली आलेले पाहूनही वाकून आत शिरत ‘फक्त दोनच साड्या दाखवा’ म्हणणारे तेच असते. त्या दोन साड्यांच्या वीस होतात आणि घड्या घालणाऱ्या मुलीची शेवटची बस तोवर निघून गेलेली असते.