माशीगळाचा दोर कसा निवडावा

तंजावूरच्या राजवाड्याच्या परिसरातून निघालेल्या माणसाला थोड्याच अंतरात पाण्याची दोन रूपे भेटतात. बृहदीश्वर मंदिरालगतचा शिवगंगा तलाव हे स्थिर पाणी होय. मेट्टूर धरणाच्या योजनेत 1934 साली पूर्ण झालेला कल्लणै कालवा हे वाहते पाणी. कृत्रिम माशी लावून गळ टाकणाऱ्याने कोणता दोर घ्यावा, हे समजण्यास ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

गळाचा छंद आपल्याकडे नवा नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मद्रास प्रांतातील अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले.

वजन दोरात असते

साध्या गळात शिसे किंवा जड आमिष पुढे झेपावते आणि दोर त्यामागे ओढला जातो. पिसे व दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी मात्र इतकी हलकी असते की, नुसती भिरकावली तर ती हातभरही जात नाही. म्हणून येथे क्रम उलटा असतो. फेकावयाचे ते दोराचे वजन. माशी केवळ त्याच्या मागून जाते. काठीच्या झटक्याने दोराचा वेढा आसुडाप्रमाणे हवेत उलगडतो व माशीला पाण्यावर अलगद ठेवतो. यासाठीच दोर टोकाकडे निमुळता केलेला असतो.

अंकाचा अर्थ

पूर्वी हे दोर रेशमाचे असत व त्यांची जाडी अक्षरांनी दाखवीत. द्रव्य एकच असल्यामुळे जाडीवरून वजनाचा अंदाज येई. पुढे नायलॉन व प्लास्टिक आले आणि सारख्या जाडीच्या दोरांचे वजन निरनिराळे भरू लागले. तेव्हा सुमारे 1960 साली अमेरिकेतील उत्पादकांच्या संघाने दोराच्या पुढील 30 फुटांच्या वजनावरून अंक ठरविले. 5 अंकाचा दोर 140 ग्रेन, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम. 8 अंकाचा 210 ग्रेन, म्हणजे सुमारे 13.6 ग्रॅम.

काठीवरही असाच अंक असतो व दोन्ही अंक जुळणे इष्ट असते. दोर हलका पडल्यास काठी पुरेशी वाकत नाही. जड झाल्यास ती दबून जाते. हा अंक दोराच्या बळाचा आहे, असे समजू नये. बळाचा प्रश्न दोर व माशी यांमधील बारीक नायलॉनच्या धाग्याशी निगडित आहे. तो मुद्दामच सर्वांत कमजोर दुवा ठेवलेला असतो.

पाणी, मासा आणि ऊन

तलावातील मरळ शेवाळात दबा धरतो व हवा घेण्यास वर येतो. त्याच्यासाठी बेडकासारखी मोठी माशी लागते आणि ती वाहून नेण्यास 8 अंकाचा, पुढील भागात जड असा तरंगता दोर सोयीचा ठरतो. लहान माशांना 4 किंवा 5 अंक पुरे. कालव्याच्या प्रवाहात तरंगता दोर खेचला जाऊन माशीही वर ओढली जाते. खोलवरच्या माशासाठी बुडणारा दोर घ्यावा. शिवाय थंड देशांसाठी केलेला दोर तंजावूरच्या उन्हात मऊ व चिकट होतो. उष्ण प्रदेशासाठी कडक गाभ्याचा दोर मिळतो, तोच निवडावा.

निवडीची जबाबदारी

या निवडीत माशाचे हितही गुंतलेले आहे. मोठ्या माशासाठी फार हलके साहित्य वापरल्यास झुंज लांबते व मासा थकतो. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने असा मासा सोडून दिला, तरी वाचेलच असे नाही. कावेरीच्या वरच्या खोऱ्यातील कुबड्या महसीर 2018 साली अतिसंकटग्रस्त ठरविला गेला, हे ध्यानात घेता ही बाब गौण म्हणता येत नाही. म्हणून स्थानिक नियम पाहून व परवानगी घेऊन, प्रथम पाणी व मासा ओळखावा, मग माशी, मग दोर व काठी ठरवावी. दुकानातील दोराच्या झळाळीवरून आरंभ करणारा हा क्रम उलटा करतो, आणि त्याची किंमत बहुधा मासा देतो.