नखाएवढा पहारेकरी

आम्ही पडलो मराठीचे मास्तर. मोटारीच्या पोटात काय असते, ते खंडाळ्याच्या घाटात कळले. भर पावसात वायपर थांबले! गाडी कडेला घेतली, चावी काढली, डॅशबोर्डाखालची फ्यूजपेटी उघडली. झाकणावरच्या नकाशात वायपरची जागा सापडली. चिमट्याने पिवळा फ्यूज उपसला. आतली पट्टी तुटलेली. मी चॉकलेटची चांदी गुंडाळणार, तोच सौभाग्यवतींनी हात धरला, "अहो, गाडी पेटवायची आहे का?" जादा प्रवाह आला, की फ्यूज स्वतः वितळून तारा वाचवतो, चांदी सहजी वितळत नाही, तारा पेटतात. पिवळा २० अँपियरचा, तेव्हा पिवळाच हवा. ३० चा हिरवा नव्हे. पेटीतला सुटा पिवळा बसवला, वायपर हलले. तोही जळता, तर मिस्त्री गाठणेच शहाणपणाचे. पहारेकरी बदलून चोर जात नाही!